आकड्याची पत : कापसाच्या भावापासून कूटचलनाच्या जुगारगृहापर्यंत

मुंबई इलाख्याच्या १८८७ सालच्या जुगार प्रतिबंधक अधिनियमाचे, म्हणजे आज ज्यास महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम म्हणतात त्याचे, तिसरे कलम प्रथमच वाचणाऱ्यास थोडे चमत्कारिक वाटते. जुगारगृहाची व्याख्या करावयाची तर फासे, पत्ते, पट असा प्रारंभ होईल अशी आपली अपेक्षा असते. परंतु वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्यांनी वाढत गेलेल्या या व्याख्येत अग्रस्थान मिळाले आहे ते कापसाला. कापसाच्या बाजारभावावर, किंवा तो भाव सांगताना जी संख्या उच्चारली जाते तिच्यातील अंकांवर, पैसे लावण्याची जागा ही जुगाराची जागा होय, असे हे कलम म्हणते. पुढे शेअरांचे भाव आणि रस्त्यावरील मोटारींच्या नोंदणी-क्रमांकांतील अंकही येतात. ज्या ज्या ठिकाणी एखादी संख्या सार्वजनिकरीत्या प्रकट होते, त्या त्या ठिकाणी तिच्यावर पैज लावणारे लोक पोहोचतात आणि त्यांच्या मागोमाग विधिमंडळ पोहोचते, असा या दुरुस्त्यांचा एकंदर इतिहास दिसतो. पावसाच्या पैजांसाठीही १८९० मध्ये अशीच एक दुरुस्ती करावी लागली होती.

प्रस्तुत लेखाचा विषय आहे संगणकाच्या जाळ्यावर चालणारी, कूटचलनात देवघेव करणारी जुगारगृहे. हा विषय यवतमाळसारख्या जिल्ह्यातील अभ्यासकांनी का हाताळावा, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. त्याचे उत्तर वरील कलमातच आहे. ही जुगारगृहे आकाशातून पडलेली नाहीत. त्यांचा जो मूळ प्रश्न, तोच कापसाच्या अंकांवर पैसे घेणाऱ्या मुंबईच्या पेढीवाल्यांपुढे होता आणि वणी-पांढरकवड्याच्या बाजारात सट्टापट्टी लिहून घेणाऱ्यापुढेही असतो. तो प्रश्न असा : ज्या व्यवहाराच्या पूर्ततेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही, त्या व्यवहारात परक्या माणसाने आपल्या हाती आगाऊ पैसा का द्यावा?

न्यायालयाचे दार बंद असते हे केवळ अलंकारिक विधान नव्हे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या तिसाव्या कलमानुसार पैजेचा करार निरर्थक, म्हणजे विधिदृष्ट्या पोकळ असतो. जिंकलेली रक्कम दावा लावून वसूल करता येत नाही. मुंबई इलाख्यात तर १८६५ च्याच एका अधिनियमाने पैजेला पूरक असलेले करारही पोकळ ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली घेरूलाल पारख विरुद्ध महादेवदास मैया या खटल्यात पैजेचा करार पोकळ असला तरी त्याचे उद्दिष्ट अवैध ठरत नाही, म्हणून पैजांसाठी केलेली भागीदारी तेवढ्या कारणाने बेकायदा होत नाही, असा निर्णय दिला. त्या निर्णयातही मुंबईच्या विशेष विधीचा वेगळा उल्लेख आहे. तात्पर्य, जुगार चालविणाऱ्याचे खरे भांडवल रोकड नव्हे, तर त्याची पत. ती पत दोन पायांवर उभी असते. आकडा प्रामाणिकपणे निघाला, हा एक पाय. निघालेल्या आकड्याचे पैसे मिळतील, हा दुसरा. या दोहोंत गल्लत होते म्हणूनच कूटचलनी जुगारगृहांविषयी इतका गैरसमज आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

यवतमाळच्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या कापसाचा भाव यवतमाळात कधीच ठरला नाही. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात लिव्हरपुलास अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि हिंदी कापसाला सोन्याचे मोल आले. युद्ध संपताच मुंबईची सट्टेबाजी कोसळली. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मापाची लोहमार्गाची शाखा झाली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले. परंतु गाठींची किंमत सांगणारा आकडा मुंबई, लिव्हरपूल आणि न्यूयॉर्क येथून यावयाचा तो तसाच येत राहिला. ज्याच्या उत्पन्नाचा निर्णय दूरस्थ आकड्यावर अवलंबून असतो, त्याला त्या आकड्याच्या चढउतारापासून संरक्षण मिळावे म्हणून वायदेबाजार असतो. यवतमाळ हे मल्टी कमॉडिटी एक्स्चेंजच्या कापूस-वायद्यातील अतिरिक्त वितरण-केंद्रांपैकी एक राहिलेले आहे. वायद्याच्या मागे गाठी असतात आणि मुदतीअखेर माल द्यावा वा घ्यावा लागण्याची शक्यता असते. भावाच्या शेवटच्या अंकावर पैसे लावणाऱ्याला मात्र कापूस महाग झाला काय किंवा स्वस्त झाला काय, त्याचे काहीच सोयरसुतक नसते. त्याला फक्त अंक हवा असतो.

मुंबईचा 'आकडा जुगार' नेमका हाच होता. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजमधील कापसाच्या उघडत्या आणि बंद होत्या भावांचे आकडे दूरमुद्रकाने मुंबईच्या कापूस बाजारात येत आणि त्यांवर पैसे लागत. या पद्धतीचा मोठा गुण असा, की आकडा हजारो मैलांवर, पैजांशी कोणताही संबंध नसलेल्या व्यापाऱ्यांच्या देवघेवीतून निपजत असे. मुंबईतला पेढीवाला कितीही लबाड असला, तरी न्यूयॉर्कचा भाव त्याच्या हातचा नव्हता. पतीचा पहिला पाय असा आपोआप भक्कम झालेला होता.

१९६१ साली न्यूयॉर्कहून येणारे आकडे बंद झाले. तेव्हा काय घडले हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. आकडा गेला म्हणून मागणी गेली नाही. लोकांनी दुसरा आकडा शोधला. कच्छहून आलेले कल्याणजी भगत यांनी १९६२ साली वरळीत स्वतःचा खेळ सुरू केला, आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी काही फेरफार करून 'न्यू वरळी' नावाचा दुसरा खेळ उभा केला. शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या मातीच्या मडक्यात घालून काढावयाच्या, यावरून 'मटका' हे नाव रूढ झाले. पुढे चिठ्ठ्यांची जागा पत्त्यांनी घेतली. तीन पत्ते काढावयाचे, त्यांच्या आकड्यांची बेरीज करावयाची आणि बेरजेतील एकं स्थानचा अंक तो 'ओपन'. पुन्हा तीन पत्ते काढून 'क्लोज'. दोन्ही मिळून 'जोडी'. उघडणे आणि बंद होणे हे शब्द कापूस बाजाराचेच अवशेष होत. भाषेत ते टिकले, कापूस मात्र गेला.

आता आकडा काढणारा आणि पैसे स्वीकारणारा एकच झाला. कोणत्या आकड्यावर किती रक्कम लागली आहे हे ज्याला ठाऊक, त्याच्याच हाती पत्ते! ज्या आकड्यावर कमी पैसे लागले तोच निघाला, अशी कुजबुज मटक्याच्या इतिहासात सतत ऐकू येते, ती यामुळेच. ती खरी की खोटी हे ठरविण्याचे साधन खेळणाऱ्याजवळ नव्हते. म्हणून आकडा लोकांसमक्ष काढणे हा व्यवसायाचा एक आवश्यक विधीच झाला. खत्री यांच्या अड्ड्यावर पत्ते साक्षीदारांदेखत उघडले जातात ही ख्याती त्यांच्या विस्ताराचे एक प्रमुख कारण होती. गिरणगावातील कामगारापासून विदर्भातील तालुक्याच्या गावापर्यंत तोच आकडा दूरध्वनीने पोहोचत असे. आणि दूरच्या खेळणाऱ्याचा विश्वास त्या न पाहिलेल्या साक्षीदारांवर असे.

येथे थोडे गणित करणे अपरिहार्य आहे. वाचकांनी ते वगळू नये. एकेरी आकडा लागल्यास रुपयास नऊ रुपये, जोडी लागल्यास नव्वद, हा मटक्यातील सर्वसाधारण दर. एकेरी आकडा दहांतून एकदा येणार, जोडी शंभरांतून एकदा. म्हणजे दोन्हींत लावलेल्या रुपयामागे सरासरी नव्वद पैसे परत जातात आणि दहा पैसे चालविणाऱ्याकडे उरतात. तीन पत्त्यांच्या विशिष्ट जुळणीला, म्हणजे 'पत्ती'ला, दर वेगळे आहेत. तिन्ही अंक भिन्न असलेल्या एका पत्तीची संभाव्यता, अंक परस्परांपासून स्वतंत्रपणे निघतात असे धरल्यास, हजारात सहा येते. दर १४० धरला तर रुपयामागे चौऱ्याऐंशी पैसे परत जातात. तिन्ही अंक एकच असलेली पत्ती हजारात एकदा येणार. दर ६०० असेल तर परत जातात फक्त साठ पैसे. बक्षीस जसजसे डोळे दिपविणारे, तसतशी चालविणाऱ्याची पाती रुंद. सोडतीच्या तिकिटांतही हाच नियम आढळतो.

परंतु सरासरी हे अर्धेच चित्र झाले. समजा, दहा हजार लोकांनी प्रत्येकी दहा रुपये एकेरी आकड्यावर लावले. जमा झाले एक लाख. जर प्रत्येकासाठी स्वतंत्र आकडा काढला, तर चालविणाऱ्याचा अपेक्षित नफा दहा हजार रुपये आणि त्यातील प्रमाण-विचलन सुमारे २,७०० रुपये. म्हणजे तो तोट्यात जाण्याचा प्रसंग अत्यंत विरळ. पण मटक्यात सर्वांसाठी एकच आकडा निघतो. सणाच्या दिवशी किंवा एखाद्या स्वप्नाच्या वार्तेमुळे साऱ्यांनी एकच आकडा धरला, तर दहांतून नऊ वेळा चालविणाऱ्यास एक लाख मिळतील, आणि दहाव्या वेळी नऊ लाख द्यावे लागून निव्वळ आठ लाखांची खोट येईल. सरासरी नफा तोच, दहा हजार. पण त्या एका वेळी लहान माणूस गाव सोडून पळून जाईल. पळून जाऊ नये म्हणून तो जड झालेल्या आकड्याचा भार वरच्याकडे 'उतरवितो', आणि वरचा त्याच्याही वर. आपल्याकडच्या बोलीत पैसे लावणे ती 'लगवाडी' आणि पैसे स्वीकारणे ती 'खायवाडी'. गावातील पानठेल्यापासून शहरातील मुख्यापर्यंतची मटक्याची उतरंड ही केवळ पोलिसांपासून लपण्यासाठी जन्मलेली नाही. ती जोखीम वाटून घेणारी विमायंत्रणा आहे. पतीचा दुसरा पाय, म्हणजे पैसे मिळण्याची खात्री, या उतरंडीवर उभा होता. शिवाय खायवाडी करणारा गावातलाच असे. त्याचे घर सर्वांना ठाऊक होते, ही काही लहान हमी नव्हे.

इतकी पूर्वपीठिका झाल्यावर कूटचलनी जुगारगृहाची रचना समजावयास कठीण नाही. बिटकॉइन २००९ साली प्रचारात आले आणि २०१२ मध्ये 'सातोशीडाइस' नावाचा अतिशय साधा फाशांचा खेळ निघाला. ठरावीक पत्त्यावर नाणे पाठवावयाचे. आकडा अनुकूल निघाला तर वाढीव नाणी परत येणार. चालविणाऱ्याचा हिस्सा शंभरात दोनांहूनही किंचित कमी. पुढच्याच वर्षी हा धंदा १,२६,३१५ बिटकॉइनांना विकला गेला. अशा खेळांबरोबर एक नवी पद्धत रूढ झाली. तिचे वर्णन 'पडताळून पाहता येणारी सचोटी' असे करता येईल.

ही पद्धत उदाहरणाने सांगतो. कल्पना करा, की मटका काढणाऱ्याने आकडा सकाळीच एका कागदावर लिहिला, लिफाफ्यात घातला, लाखेने मोहोरबंद केला आणि तो लिफाफा चावडीवर टांगला. दिवसभर लोकांनी पैसे लावले. संध्याकाळी मोहोर सर्वांसमक्ष फोडली. मग सकाळनंतर आकडा बदलला नाही एवढे तरी सिद्ध झाले. संगणकात लाखेचे काम 'हॅश' नावाचे गणिती सूत्र करते. शा-२५६ या सूत्रात कोणताही मजकूर घातला, की चौसष्ट चिन्हांची एक ओळ निघते. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी सारी ओळ बदलते, आणि ओळीवरून मूळ मजकूर शोधून काढणे व्यवहारतः अशक्य असते. जुगारगृह प्रथम एक गुप्त संख्या निवडते, तिला 'बीज' म्हणतात, आणि बीजाची हॅश-ओळ खेळणाऱ्यास आधीच दाखवून ठेवते. पण सकाळी लिफाफ्यात काय घालावयाचे ते ठरविणारा तर चालविणाराच. म्हणून खेळणारा आपल्या मनाचे दुसरे बीज त्यात मिसळतो. ही दोन बीजे आणि डावाचा अनुक्रमांक एकत्र करून पुन्हा हॅश काढली, की डावाचा आकडा ठरतो. बीज बदलण्याची वेळ आली म्हणजे जुने बीज उघड केले जाते. कोणीही ते सूत्रात घालून आधीच्या ओळीशी ताडून पाहावे.

युक्ती खरोखर सुंदर आहे, आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. न्यूयॉर्कच्या भावात जी गोष्ट अंतरामुळे साधली होती, आणि मटक्यात साक्षीदारांच्या भरवशावर अर्धवटच साधली, ती येथे गणिताने साधली आहे. लागलेल्या रकमा पाहून आकडा फिरविता येत नाही. पतीचा पहिला पाय येथे मटक्यापेक्षा निःसंशय बळकट आहे.

मात्र हे सर्व लागू पडते ते अशा जुगारगृहाने स्वतः तयार केलेल्या फासे, चेंडू, चढता आलेख यांसारख्या साध्या खेळांना. चक्राकार चित्रांचे आणि प्रत्यक्ष पत्ते वाटणाऱ्या तरुणींचे जे खेळ तेथे दिसतात, ते बहुधा निराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालतात आणि जुगारगृह ते नफ्यातील वाट्यावर भाड्याने घेते. तेथे ही मोहोर सामान्यतः नसते. आणि जेथे मोहोर असते, तेथेही ती फोडून पाहण्याची तसदी किती जण घेतात हा प्रश्न आहेच. साक्षीदार हजर असणे पुरेसे असते. त्याने डोळे उघडलेच पाहिजेत असे नाही.

पातीचा विचार केला, तर या साध्या खेळांत चालविणाऱ्याचा हिस्सा रुपयामागे पुष्कळदा एकच पैसा असतो. मटक्यातील दहा पैशांशी तुलना करून कोणी म्हणेल, हा तर धर्मादायच झाला. गणित पुन्हा करू. मटका खेळणारा दिवसास दोनदा दहा-दहा रुपये लावतो. वीस रुपयांवर त्याचा अपेक्षित तोटा दोन रुपये. भ्रमणध्वनीवर तोच मनुष्य मिनिटास सहा डाव या गतीने तीन तास खेळला, तर डाव होतात १,०८०. उलाढाल १०,८०० रुपये. तिचा शंभरावा हिस्सा १०८ रुपये. एका डावाची पाती दशांश झाली आणि दिवसाचा तोटा चौपन्नपट झाला. जुगाराची किंमत पातीवर ठरत नाही, पाती गुणिले वेगावर ठरते. मटक्यास वेगाची मर्यादा होती, कारण आकडा दिवसातून दोनदाच निघे आणि मध्ये मनुष्यास शेतावर किंवा गिरणीत जावे लागे. ही मर्यादा कोणी मुद्दाम घातलेली नव्हती. म्हणूनच ती गेली तेव्हा कोणाच्या ध्यानातही आले नाही.

दुसरा फरक याहून कमी चर्चिला जातो. येथे प्रत्येक डाव स्वतंत्र असतो. वर केलेल्या गणितातील पहिली परिस्थिती, म्हणजे दहा हजार लोकांना दहा हजार निराळे आकडे, हीच येथे वस्तुस्थिती होय. त्यामुळे चालविणाऱ्याची जोखीम जवळजवळ नाहीशी होते. एका डावातील कमाल बक्षिसाला मर्यादा घातली, की उरते ती निश्चित उत्पन्नाची यंत्रणा. जड आकडा उतरवून घेण्यासाठी आता वरच्या माणसाची गरज नाही. उतरंडीचे विम्याचे काम संपले.

तरीही उतरंड गेली नाही, ही गोष्ट मननीय आहे. तिचे काम मात्र बदलले. आता खालच्या माणसाने गिऱ्हाईक आणावयाचे आणि रुपयाचे नाणे करून द्यावयाचे. गिऱ्हाईक आणणाऱ्यास पुष्कळ ठिकाणी त्या गिऱ्हाइकाच्या तोट्याचा काही अंश मिळतो. पूर्वी पट्टी लिहिणाऱ्यास लागलेल्या रकमेवर दलाली मिळे; गिऱ्हाईक जिंकले की हरले याच्याशी तिचा संबंध नसे. आता दलालाचे हित गिऱ्हाईक हरण्यातच गुंतले आहे. छत्तीसगडमधील भिलाईशी संबंधित 'महादेव ऑनलाइन बुक' प्रकरणात सक्तवसुली संचालनालयाने २०२३ साली जी माहिती प्रसृत केली, तीनुसार ओळखीच्या लोकांना 'पॅनेल' म्हणजे शाखा चालवावयास देऊन नफा सत्तर-तीस या प्रमाणात वाटला जात असे. तो धंदा मुख्यतः पैजांचा होता आणि शुद्ध कूटचलनी जुगारगृह नव्हे. परंतु शाखांची रीत तीच. विदर्भातही जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने अशाच संगणकीय जुगारात सुमारे ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार केली, आणि पोलिसांनी गोंदिया येथील छाप्यात कोट्यवधींची रोकड व सोने जप्त केले. भोवतालचा सारा व्यवहार अदृश्य, आणि शेवटी घरात नोटांच्या थप्प्या! जुना व नवा धंदा एकमेकांत किती मिसळलेला आहे याची ही चांगली साक्ष होय.

रुपयाचे नाणे होते ते असे. खेळणारा युपीआयने एखाद्या साध्या बँक खात्यात रक्कम भरतो. ते खाते जुगारगृहाचे नसते. थोड्या मोबदल्यावर वापरावयास घेतलेले, बहुधा विद्यार्थ्याचे, मजुराचे किंवा छोट्या दुकानदाराचे असते. तेथून रक्कम दोन-चार खात्यांतून फिरते आणि कोणी तरी तिचे टेथरसारखे नाणे विकत घेतो. टेथरचे मोल अमेरिकन डॉलरशी बांधलेले असल्यामुळे बिटकॉइनच्या चढउताराची धास्ती त्यात नसते. नाणे परदेशातील जुगारगृहाच्या वॉलेटमध्ये गेले, की भारतीय बँकांची दृष्टी तेथे पोहोचत नाही. मात्र ब्लॉकचेनवरील नोंद कायमची राहते. कूटचलन म्हणजे अज्ञातवास हा समज अर्धाच खरा आहे. पैशाचा माग पुष्कळदा ब्लॉकचेनवर नव्हे, तर अलीकडच्या बँक खात्यापाशीच लागतो, आणि तेथे नाव असते खातेदाराचे.

परवान्याचा प्रकारही पाहण्यासारखा आहे. अशी पुष्कळ जुगारगृहे कॅरिबियन समुद्रातील कुरसाव या बेटाच्या परवान्यावर चालत आली. तेथे थोड्या मुख्य परवानाधारकांनी असंख्य उपपरवाने वाटावेत अशी रीत दीर्घकाळ होती. २४ डिसेंबर २०२४ पासून नवा अधिनियम लागू होऊन परवाने थेट शासकीय प्राधिकरणाकडून देण्याची व्यवस्था आली. पांढरकवड्याचा खेळणारा तक्रार घेऊन कुरसावला जाईल अशी कल्पना मात्र कोणीही करू नये.

येथे आपण पतीच्या दुसऱ्या पायापाशी येतो. गणिती मोहोर आकड्याविषयी सांगते, तिजोरीविषयी काहीच सांगत नाही. तिजोरीत देणी भागविण्याइतकी नाणी आहेत काय? जिंकलेली रक्कम मागितल्यावर ती मिळेल, की नेमकी तेव्हाच ओळखपत्रांची चौकशी सुरू होईल? ४ सप्टेंबर २०२३ रोजी 'स्टेक' या सर्वांत मोठ्या कूटचलनी जुगारगृहांपैकी एकाच्या वॉलेटमधून सुमारे ४ कोटी १० लाख डॉलर मोलाची नाणी चोरीस गेली, आणि अमेरिकेच्या एफबीआयने ही चोरी उत्तर कोरियाच्या लाझारस गटाची असल्याचे जाहीर केले. त्या संस्थेने धंदा चालू ठेवला व ग्राहकांच्या ठेवी सुरक्षित असल्याचे सांगितले. लहान संस्थेवर तोच प्रसंग आला असता तर ठेवीदारांचे काय झाले असते, हे कोणत्याही हॅश-ओळीवरून कळत नाही. गावच्या खायवाडीवाल्याचे निदान घर ठाऊक होते.

आता विधीची स्थिती. घटनेनुसार जुगार हा राज्यसूचीतील विषय. म्हणून गोव्यात मांडवीतील जहाजांवर कॅसिनो चालतात आणि महाराष्ट्रात चालत नाहीत. महाराष्ट्राने कॅसिनोंचे नियंत्रण व करआकारणी यांसाठी १९७६ साली अधिनियम केला होता. तो कधीच अंमलात आणला गेला नाही, आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय शासनाने घेतला. अंमलात न येताच जवळजवळ अर्धे शतक पुस्तकात राहिलेला हा अधिनियम स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरेल. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या चमारबागवाला प्रकरणात जुगारास व्यापाराच्या मूलभूत स्वातंत्र्याचे संरक्षण नाही असे ठरविले, ते आजही मूलभूत मानले जाते. कूटचलनाचे तसे नाही. त्याच्याशी व्यवहार करण्यास बँकांना मनाई करणारे रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरविले. २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा नाण्यांच्या हस्तांतरणातील नफ्यावर तीस टक्के कर बसविला. आणि मार्च २०२३ मध्ये त्यांची देवघेव करून देणाऱ्या संस्था अवैध धनशोधन प्रतिबंधक अधिनियमाच्या कक्षेत आल्या. नाणे बाळगणे हा गुन्हा नाही, त्याने जुगार चालविणे हा आहे. लोकांच्या मनातील गोंधळ पुष्कळसा येथूनच उद्भवतो.

संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगचे प्रवर्तन व विनियमन याविषयीच्या अधिनियमाला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळावयाचे सर्व संगणकीय खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने निषिद्ध ठरविले. पणास लावलेल्या वस्तूची व्याख्या त्यात इतकी व्यापक आहे, की पैशाने घेतलेली नाणी व टोकनेही तीत येतात. म्हणजे 'आम्ही रुपये घेतच नाही' ही पळवाट उरत नाही. परदेशातून भारतात पुरविल्या जाणाऱ्या सेवाही त्याच्या कक्षेत आहेत. खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटीपर्यंत दंड, पैशाची ने-आण करून देणाऱ्यासही तितकीच शिक्षा, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षे व पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्यास शिक्षा सांगितलेली नाही.

१८८७ चा अधिनियम जागेवर आधारलेला होता. धाड घालावयाची ती घरावर, जप्त करावयाची ती तेथील साधने. आजही आपल्या जिल्ह्यातील दैनिकांत वरली-मटक्यावरील धाडीची बातमी येते, तीत सट्टापट्टी, रोकड आणि भ्रमणध्वनी यांची यादी असते. नवा अधिनियम जागा सोडून पैशाच्या वाटेवर पहारा बसवू पाहतो. परंतु चालविणारा जर कुरसावमध्ये किंवा दुबईत असेल, तर या वाटेवर प्रत्यक्ष हाती लागणारा मनुष्य कोण, हे वर आलेच आहे : ज्याने थोड्या पैशांसाठी आपले बँक खाते, त्याला जोडलेले सिमकार्ड आणि एटीएम कार्ड दुसऱ्याच्या स्वाधीन केले तो. भारतीय न्याय संहितेच्या ११२ व्या कलमात अनधिकृत पैजा व जुगार यांचा 'किरकोळ संघटित गुन्ह्यां'त समावेश आहे. म्हणजे टोळीचा सदस्य म्हणून त्याच्यावर आरोप ठेवण्याची सोय विधीत आहे. आपल्या महाविद्यालयांतून वसतिगृहात राहणाऱ्या, शिष्यवृत्तीसाठी नुकतेच खाते उघडलेल्या विद्यार्थ्याकडे अशी मागणी घेऊन येणारा मनुष्य जुगाराचे नावही काढीत नाही. तो म्हणतो, महिनाभर खाते वापरू दे.